मनातले मांडे आणि डब्यातला कुंदा : खाण्याला व्यसन म्हणता येईल का?

तिसरे फाटक (टिळकवाडी, बेळगाव)

दिवाळीनंतर पुण्याची बहीण परत निघाली, तेव्हा तिच्यासोबत देण्यासाठी मी इथल्या शहापुरातून एक किलो कुंदा, म्हणजे दूध-खवा आटवून केलेली आमची बेळगावची मिठाई, आणला होता. तिच्या पिशवीत जागा उरली नाही म्हणून अर्ध्या किलोचा एक डबा आमच्याच घरी राहिला. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास, जेवण होऊन दोन तास झालेले असताना आणि पोटात भुकेचा मागमूसही नसताना, मी दिवा न लावता फ्रीज उघडला आणि उभ्याउभ्याच चमच्याने कुंदा खाऊ लागलो. पहिला चमचा फार चांगला लागला. दुसराही बरा होता. पाचव्या-सहाव्या चमच्याला घशाशी मिठी बसली, चव कळेनाशी झाली, तरीही चमचा डब्यात जातच राहिला. तळाच्या कडेला चिकटलेले तपकिरी कण खरवडताना जो आवाज झाला त्याने मी एकदम भानावर आलो. आणि तेही पश्चात्तापाने नव्हे, तर आत झोपलेल्या बायकोला तो आवाज ऐकू जाईल या भीतीने.

मी ५३ वर्षांचा आहे, हिशेबनिसाचे काम करतो आणि स्वतःला बऱ्यापैकी शिस्तीचा माणूस समजतो. दारू नाही, तंबाखू नाही, पान फक्त लग्नकार्यात. गेल्या वर्षी रक्ततपासणीत एचबीए१सी ६.३ निघाले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ज्या डॉक्टरांना अहवाल दाखवला त्यांनी कागदावरची नजर न काढता ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. ताबा ठेवायला हवा हे मलाही ठाऊक होते. तो सुटतो तेव्हा नेमके काय सुटते, हे मात्र कुणी सांगत नव्हते, म्हणून गेले काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत आहे.

त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या मेंदूशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीशी वाटणे ही मेंदूतील दोन वेगळी कामे आहेत. त्यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन नावाचे रसायन जवळजवळ नाहीसे केले, तेव्हा ते उंदीर समोर अन्न असूनही खायला जाईनात, उपासमार होण्याची वेळ आली. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले की ओठ चाटण्याची आनंदाची खूण मात्र पूर्वीसारखीच दिसे. म्हणजे आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. माझ्या बाबतीत सहाव्या चमच्याला याच्या अगदी उलट झाले होते : आवड संपली होती आणि ओढ तेवढी उरली होती. हे वाचल्यावर मला आठवले की आपल्या भाषेत या दोन गोष्टींसाठी शब्द आधीपासून वेगळे आहेत. गोडी लागणे आणि चटक लागणे यांत आपण कधी गल्लत करत नाही. माझी आजी आजोळी सुट्टीला आलेल्या मुलांना ‘भूक नव्हे ही, वखवख’ असे म्हणायची, आणि तिचे निदान सहसा चुकत नसे.

‘व्यसन’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कामज व्यसनांत मृगया, द्यूत, स्त्रिया आणि मद्यपान ही चार सांगितली आहेत. त्यांत खाणे नाही, पण द्यूत आहे. पोटात काहीही न जाता केवळ वागण्यातून व्यसन जडू शकते ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी असताना, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानपुस्तिकेने जुगाराला दारू-तंबाखूच्या पंक्तीत बसवले ते थेट २०१३ मध्ये. खाण्याला त्या पंक्तीत त्यांनी अजून बसवलेले नाही.

तर माझा प्रश्न असा आहे की खाण्याला, किंवा काही विशिष्ट खाण्याला, व्यसन म्हणणे योग्य आहे का; आणि तसे म्हटल्याने माझ्यासारख्याच्या हाती काही लागते, की केवळ एक नवी सबब मिळते? ज्यांना शास्त्राची माहिती आहे त्यांनी आणि ज्यांना अनुभव आहे त्यांनीही लिहावे.

वखारवाला (निपाणी)

साहेब, प्रामाणिकपणे लिहिले आहे, पण शब्दाला माझी हरकत आहे. माझे बालपण तंबाखूच्या वखारीत गेले. हंगामात घरातल्या भाताला, अंथरुणाला, शाळेच्या दप्तरालाही तोच उग्र वास असायचा आणि बाहेरून आलेल्या माणसाला दारातच शिंका येत. वडील १४ व्या वर्षापासून तंबाखू खात होते. साठीत गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा त्यांनी ती सोडली, आणि सोडल्यानंतरचे दहा-बारा दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते, इतकी त्यांची चिडचिड होती. झोप नाही, शौचाला नाही, हाताला कंप. ते व्यसन. अर्धा किलो कुंदा संपवला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाचे हात थरथरत नाहीत.

दुसरे असे की तंबाखूवाचून माणूस जगतो, अन्नावाचून जगत नाही. जे सोडताच येत नाही त्याला व्यसन म्हणून पुढे करायचे काय? दारूचा गुत्ता टाळून दुसऱ्या रस्त्याने घरी जाता येते. स्वयंपाकघर टाळून कोणत्या रस्त्याने जाणार?

शरीरशास्त्राची मास्तरीण (बेळगाव)

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मी वैद्य नाही, त्यामुळे औषधोपचाराविषयी लिहिणार नाही. मेंदूत काय घडते त्याविषयी लिहिते, आणि थोडे लांबले तर क्षमा असावी.

ही कथा १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात सुरू होते. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यातील दांडी दाबली की तेथे विजेचा सौम्य झटका मिळेल अशी व्यवस्था केली. उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. तेव्हा सर्वांना वाटले की मेंदूतील सुखाचे केंद्र सापडले, आणि पुढे त्याचा संबंध डोपामिनशी जोडला गेल्यावर ‘डोपामिन म्हणजे सुखाचे रसायन’ हे समीकरण रूढ झाले. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरत असते. धागाकर्त्यांनी, म्हणजे ही चर्चा सुरू करणाऱ्यांनी, सांगितलेल्या बेरिज यांच्या प्रयोगांनी त्याला पहिला मोठा धक्का दिला. सुखाची प्रत्यक्ष जाणीव मेंदूतील अगदी लहान लहान जागांतून, मुख्यतः शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांमुळे येते. डोपामिनचे जाळे त्याहून कितीतरी विस्तृत आहे आणि त्याचे काम पाय उचलायला लावण्याचे आहे.

दुसरा धक्का वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांनी दिला. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचे थेंब सोडले की त्याच्या डोपामिन पेशी उत्तेजित होत. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी रसाला प्रतिसाद द्यायच्या थांबल्या आणि दिव्यालाच देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी पेशींची क्रिया नेहमीपेक्षाही खाली गेली. डोपामिन मिळालेल्या वस्तूची नोंद ठेवत नव्हते. मिळेल अशी अपेक्षा आणि प्रत्यक्षात मिळाले ते, यांतला फरक नोंदवत होते.

आपल्या भागातील वाचकांना हे समजावणे सोपे आहे, कारण ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार महाराष्ट्रभर चालतो, आणि मांडे प्रत्यक्ष खाल्लेली माणसे आपल्याकडे बरीच आहेत. लग्नघरी उलट्या खापरावर तो भलामोठा पापुद्रा पडताना पाहिला की ताट वाढण्याच्या आधीच जे काही आत हलते, ते डोपामिन. ताटात आलेला मांडा पहिल्या घासाला गोड लागतो तो वेगळ्या यंत्रणेने. धागाकर्त्यांच्या बाबतीत फ्रीजचा दरवाजा, अंधार आणि साडेदहाची वेळ हे माकडाच्या दिव्याचे काम करत होते. डबा घरात आहे एवढे ठाऊक असणेही पुरेसे होते.

आता व्याख्येकडे येते. ‘अन्नाचे व्यसन’ हा शब्दप्रयोग थेरॉन रँडॉल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ मध्ये शास्त्रीय लेखनात वापरला. मोजमाप मात्र २००९ मध्ये आले, जेव्हा अ‍ॅशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात एक प्रश्नावली तयार केली. तिच्या २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ३५ प्रश्न आहेत आणि ते दारू वा तंबाखूच्या व्यसनाचे जे ११ निकष असतात त्यांनाच धरून रचले आहेत : ठरवल्यापेक्षा जास्त खाल्ले जाणे, कमी करण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, त्रास होत असल्याचे कळूनही न थांबणे, इत्यादी. यांतील किमान दोन लक्षणे आणि त्यांमुळे जगण्यात खरोखर अडथळा किंवा क्लेश, असे दोन्ही असेल तरच त्यात मोजतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र पाहता प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के आणि मुलांपैकी सुमारे १२ टक्के या व्याख्येत बसतात, असे २०२३ मध्ये मांडले गेले. एका रात्रीचा अर्धा किलो कुंदा यात बसत नाही, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

निपाणीच्या दादांची हरकत मला अर्धी मान्य आहे. अर्धी का, ते वेगळे लिहिते.

मलप्रभेची लेक (खानापूर)

मॅडमच्या पुढच्या प्रतिसादाची वाट पाहते आहे. मधल्या वेळात माझा अनुभव लिहिते, कारण तो डॉक्टरांना सांगायलाही मला सहा वर्षे लागली.

मी गुरुवार आणि संकष्टी असे उपवास लग्नाआधीपासून करत आले आहे. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिला मी दोष देत नाही. पण चाळिशीनंतर वजन वाढू लागले तेव्हा मी उपवासाच्या जोडीला इतर दिवशीही सकाळचे खाणे बंद केले आणि दुपारी अर्धी भाकरी, थोडी भाजी एवढ्यावर राहू लागले. संध्याकाळपर्यंत मी अगदी आदर्श असायची. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असला की आठ वाजल्यापासून घड्याळाकडे पाहत बसायची, आणि एकदा नैवेद्य झाला की मोदकांपासून सुरुवात होऊन, मुलांच्या डब्यासाठी आणलेले बिस्किटांचे पुडे संपेपर्यंत हात थांबत नसे. पुढे पुढे हे उपवास नसलेल्या दिवशीही होऊ लागले. रिकामे कागद मी कचऱ्याच्या डब्यात तळाशी, भाजीच्या देठांखाली दाबून ठेवत असे. सासूबाई समजूतदार आहेत, त्यांनी कधी विचारले नाही, पण एकदा कचरा त्यांनी स्वतः नेऊन टाकला आणि परत आल्यावर माझ्यासाठी चहा ठेवला, तेव्हा मला कळले की त्यांना सगळे ठाऊक आहे.

अखेर बेळगावला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी व्यसन हा शब्द वापरला नाही. ठरावीक वेळात खूप खाल्ले जाणे, त्या वेळी स्वतःवर ताबा नसल्याची जाणीव होणे, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असे तीन महिने चालणे, याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि तो मान्यताप्राप्त, उपचार होऊ शकणारा आजार आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांची पहिली सूचना ऐकून मला धक्काच बसला : सकाळी पोटभर खा.

शरीरशास्त्राची मास्तरीण (बेळगाव)

ताई, आपण लिहिलेत ते वाचून मी वर्गात शिकवते तो एक प्रयोग डोळ्यांपुढे आला. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्टली होबेल आणि निकोल अव्हेना यांनी उंदरांना रोज १२ तास उपाशी ठेवले आणि पुढचे १२ तास साखरेचे पाणी व नेहमीचे अन्न दिले. महिन्याभरात ते उंदीर मिळाल्याबरोबर साखरेवर तुटून पडू लागले, आणि अफूचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर त्यांचे दात कडकड वाजू लागले, पुढचे पाय थरथरू लागले. निपाणीच्या दादांनी विचारलेले थरथरणे ते हेच. पण ज्या उंदरांना साखर दिवसभर हवी तेव्हा मिळत होती, त्यांच्यात हे दिसले नाही. साखर दोघांनीही खाल्ली होती. वेगळी होती ती उपासमार आणि मुबलकता यांची आळीपाळी.

माणसांवरचा पुरावा याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ज्यांना पूर्वी स्वयंपाकात काडीचे स्वारस्य नव्हते असे पुरुष पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घास पुरवून पुरवून तास-तास जेवू लागले, आणि प्रयोग संपून हवे तेवढे अन्न मिळू लागल्यावर त्यांतील काहींना पोट भरले तरी थांबता येईना. ही माणसे व्यसनी नव्हती. त्यांना उपाशी ठेवले गेले होते. म्हणून ताईंच्या डॉक्टरांची सूचना मला अत्यंत शास्त्रशुद्ध वाटते.

सदाशिवनगर (बेळगाव)

चर्चा चांगली चालली आहे, तरी उंदीर आणि माकडे यांवरून माणसापर्यंत जी उडी मारली जाते तिच्याबद्दल सावध राहावे असे वाटते. २००१ मध्ये अतिलठ्ठ अशा दहाच माणसांच्या मेंदूचे चित्रण करून त्यांच्यात डोपामिनचे डी-२ ग्राहक (पेशींवरचे, डोपामिनचा संदेश पकडणारे रेणू) कमी असल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्यावर ‘लठ्ठपणा म्हणजे व्यसन’ असे मथळे वर्षानुवर्षे चालले. नंतरच्या अभ्यासांत तो निष्कर्ष कधी मिळाला, कधी नाही. २०२५ मध्ये ५० जणांना मिल्कशेक पाजून मेंदूतील डोपामिन मोजले, तेव्हा सर्वांचा मिळून लक्षणीय बदल दिसलाच नाही.

शिवाय कुंद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही. दूध, खवा आणि साखर आटवून केलेला हा पदार्थ आपल्या आजोबांच्या काळीही होता. तेव्हा तो सणाला, पाहुण्याला, पेढ्याएवढा हातावर मिळत असे. बदलले आहे ते बाजूचे सगळे. केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना एका महिन्यासाठी संशोधन रुग्णालयात ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न, ताटात उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश सारखे ठेवून, हवे तेवढे खायला दिले. पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. त्यांना कुणी व्यसनी म्हटले नाही. अन्न मऊ होते, पटापट गिळले जात होते आणि पोट भरल्याची वर्दी पोहोचण्याआधी ताट रिकामे होत होते, हे त्याचे एक कारण असावे. व्यसनाचा शिक्का माणसावर मारला की दुकानांच्या फळ्यांकडे बघायची गरज उरत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

शरीरशास्त्राची मास्तरीण (बेळगाव)

आपले म्हणणे बहुतांशी खरे आहे, आणि या क्षेत्रातील काही संशोधक याच कारणासाठी ‘अन्नाचे व्यसन’ न म्हणता ‘खाण्याचे व्यसन’ म्हणावे असे सुचवतात, कारण निकोटिनसारखा एकच एक दोषी पदार्थ अन्नात बोट ठेवून दाखवता आलेला नाही. तरीही सर्व अन्न सारखे नाही, एवढे म्हणता येते. २०१८ मध्ये डेना स्मॉल यांच्या गटाने लोकांना निव्वळ स्निग्ध, निव्वळ पिष्टमय-गोड आणि दोन्ही मिश्र अशा खाऊंसाठी किती पैसे मोजाल असे विचारत मेंदूचे चित्रण केले. उष्मांक सारखे असूनही मिश्र खाऊंसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार होते आणि मेंदूचा प्रतिसादही दोहोंच्या बेरजेपेक्षा मोठा होता. निसर्गात हे मिश्रण क्वचितच आढळते. उसात साखर आहे, तूप नाही, आणि शेंगदाण्यात तेल आहे, साखर नाही. आईचे दूध हा ठळक अपवाद. कुंदा दूध आटवूनच करतात, याची इथे गंमत वाटते.

धागाकर्त्यांच्या सहाव्या चमच्याविषयी एक राहून गेले. ओढ वारंवार पुरवली की हळूहळू ती सवयीच्या खात्यात जाते आणि मेंदूचा दुसरा, अधिक यांत्रिक भाग कारभार हाती घेतो. तेथे चव विचारलीच जात नाही.

घटप्रभाकाठ (गोकाक, सध्या धारवाड)

काकांच्या सहाव्या चमच्यावरून मॅडमनी जे लिहिले, त्यावर आम्हाला मानसशास्त्राच्या वर्गात सांगितलेला एक प्रयोग आठवला. २०११ मध्ये डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजे आणि काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, चांगले लागत नाही असे स्वतः म्हणत असतानाही. तशीच सवय असलेले लोक सभागृहाबाहेर साध्या खोलीत बसवल्यावर शिळे कमी खाऊ लागले. आणि मला सर्वांत आवडलेला भाग असा की चित्रपटगृहातच, पण नेहमीचा हात न वापरता दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हाही शिळे खाणे कमी झाले.

आमच्या वसतिगृहात घरून आलेला करदंटाचा डबा आठवडाभर टिकतो आणि भडंगाची पिशवी एका क्रिकेट सामन्यात संपते. करदंट चावावा लागतो, सुकामेवा आणि डिंक दाढेत अडकतो, दुसरा तुकडा घेण्याआधी माणूस दमतो. भडंग मूठमूठ करत जाते आणि डोळे पडद्यावर असतात. यात माझ्या चारित्र्याचा काही संबंध असेल असे वाटत नाही.

वखारवाला (निपाणी)

मास्तरीणबाईंनी उंदरांचे थरथरणे दाखवले, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या पोराचा प्रतिसाद वाचून वडिलांची एक गोष्ट आठवली, ती लिहितो.

तंबाखू सोडल्यानंतर चिडचिड पंधरवड्यात गेली. चुन्याची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने ओढ्यात टाकली होती. तरी पुढे चार वर्षे, म्हणजे ते होते तोवर, जेवून हात धुतला की ते ओसरीवर बसत आणि डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरवत. तळहात रिकामा असे. दोन-तीन वेळा मळून झाले की वरून हलकी थाप मारून जणू धूळ उडवत. मग लक्षात येई आणि हात मांडीवर ठेवून देत. त्यांना तंबाखू आठवत होती असे मला वाटत नाही; त्यांना जेवण झाल्याचे आठवत होते. अंगातले व्यसन कधीच गेले होते, हातातले गेले नव्हते. तेव्हा साहेबांच्या चमच्याबद्दल मी जरा घाईने लिहिले असे आता वाटते.

गुत्ता टाळता येतो, स्वयंपाकघर नाही, हे मात्र अजूनही माझे म्हणणे आहे.

मलप्रभेची लेक (खानापूर)

दादा, स्वयंपाकघर टाळता येत नाही, पण तिथे उपाशी पोटी जाणे टाळता येते. मला उपचारांत जे करायला लावले त्यात नवल वाटावे असे काहीच नव्हते. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा थोडेसे, आणि एका वहीत खाल्लेले, वेळ, त्या आधी काय घडले आणि मनात काय होते हे लिहायचे. पहिल्या महिन्यात वजन वाढेल या भीतीने मी दोनदा वही लपवली. पण वहीनेच दाखवून दिले की ज्या दिवशी सकाळी भाकरी खाल्ली त्या रात्री पुड्यांची आठवण येत नाही, आणि ज्या दिवशी धाकट्या जावेचा फोन येतो त्या दिवशी भाकरी खाऊनही येते. जावेचे काय करायचे हा प्रश्न वेगळा.

ओढ आली की तिच्याशी भांडायचे नाही, ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, तोवर नुसते पाहत राहायचे, असेही शिकवले. अमेरिकेतील अ‍ॅलन मार्लाट यांनी व्यसनाच्या रुग्णांसाठी ही रीत काढली आणि तिला लाटेची उपमा दिली, असे बाई म्हणाल्या. मला समुद्र फारसा ठाऊक नाही. आमच्याकडे आषाढात पाऊस कोसळू लागला की ओट्याशी उभे राहून वाट बघतात, छत्री घेऊन त्याच्याशी लढायला कुणी जात नाही, तसे मी ते समजून घेतले. संकष्टी अजून करते. फक्त दुपारी दूध, केळे आणि दाण्याची उसळ घेते आणि चंद्र उगवायच्या वेळी मी भुकेने कासावीस झालेली नसते.

तिसरे फाटक (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण नुसते वाचून मत देण्यापेक्षा काही करून पाहावे असे वाटले.

येल विद्यापीठाची ती प्रश्नावली मी सोडवली. लक्षणे तीन निघाली, पण जगण्यात अडथळा यावा इतका त्रास मला होत नाही, त्यामुळे त्या व्याख्येत मी बसत नाही. याने हायसे वाटले हे खरे, आणि किंचित वाईटही वाटले हेही खरे. एखाद्या आजाराचे नाव मिळाले असते तर घरी सांगायला सोपे गेले असते. खानापूरच्या ताईंचा पहिला प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘त्या रात्री चमच्याचा आवाज मला ऐकू आला होता.’ पुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही.

ताईंच्या वहीची नक्कल करून मी खाण्याचा जमाखर्च मांडला, कारण जमाखर्च मांडता येतो एवढेच माझे कौशल्य आहे. त्यात असे दिसले की कार्यालयात महिनाअखेरीच्या गडबडीत मी दुपारचा डबा चार वाजता, अर्धाच खातो, आणि रात्री फ्रीजपाशी जाण्याचे सगळे प्रसंग त्याच दिवसांचे आहेत. तोंडावर ताबा सुटत होता तो रात्री साडेदहाला नव्हे, दुपारी एकलाच. आता एक वाजता टेबलावरून उठतो. मधल्या काळात दोनदा रात्री फ्रीज उघडला. एकदा तसाच बंद केला, आणि एकदा बशीत घेऊन, दिवा लावून, खुर्चीवर बसून, धारवाडच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे डाव्या हाताने दोन चमचे श्रीखंड खाल्ले. डाव्या हाताने खाताना श्रीखंड शर्टावर सांडले. पण दोन्ही चमच्यांची चव मला अगदी नीट आठवते.

सदाशिवनगरच्या मित्रांचे म्हणणेही मनावर घेतले आहे. घरात मोठा डबा आणायचा नाही, एवढा नियम केला. बहीण मे महिन्यात पुन्हा येणार आहे आणि तिने आत्ताच फोन करून या वेळी दोन किलो कुंदा हवा असे सांगून ठेवले आहे. मी तिला कळवले आहे की तिची गाडी ज्या दिवशी असेल त्याच दिवशी सकाळी शहापुरात जाऊन तो आणीन, आणि येताना मोठी पिशवी तिने आणावी.